चावी लागली म्हणून घर आपलं होत नाही

पुण्याला सुट्टीवर आले की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘तुमच्या ऑफिसात रशियन पण आहेत आणि युक्रेनियन पण? मग काय, रोज मारामारी?’ मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो. ‘पण खरं सांग, तसे ते एकच ना गं? दिसायला सारखे, खाणं सारखं, भाषा पण तीच...’

आता कसं आहे ना, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज जरा ऐसपैस सांगते.

मी बर्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. माझ्या डावीकडे बसतो तो सेंट पीटर्सबर्गचा. तिथली मंडळी आपल्या शहराला लाडानं ‘पीतर’ म्हणतात, म्हणून आमच्यासाठी तो पीतरवाला. समोर बसते ती पोल्टावाची, युक्रेनच्या मध्य भागातली. ती पोल्टावावाली. नावं मुद्दाम देत नाहीये. दोघांचेही आईवडील अजून तिकडेच आहेत.

या दोघांना पहिल्यांदा एकत्र बघाल तर तुम्हीही म्हणाल, सेम टू सेम! घरात शिरताना दोघंही बूट काढणार आणि पाहुण्याला सपाता देणार. जर्मन पाहुणे बूट घालून आत आले की दोघांच्या कपाळावर एकच आठी. उंबरठ्यावर उभं राहून हात मिळवायचा नाही. घरात शीळ घालायची नाही, पैसा जातो. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी बॅगेशेजारी मिनिटभर गप्प बसायचं. आणि फुलं द्यायची तर विषम संख्येत, कारण सम संख्येतली फुलं अंत्यसंस्काराला. आपल्याकडे पाकिटात ५०० नाही, ५०१ घालतात, हे मी सांगितलं तेव्हा दोघांनीही एकाच वेळी मान डोलावली. यात काय सांगायचंय, असा चेहरा!

दोघांच्याही आज्या राज कपूरच्या फॅन. ‘आवारा’ १९५४ मध्ये सोव्हिएत संघात लागला आणि तिथल्या एका अख्ख्या पिढीला वेड लावून गेला. दोघांच्याही पासपोर्टात स्वतःच्या नावाबरोबर वडिलांच्या नावावरून केलेलं नाव असतं, आपल्यासारखंच. आणि नव्या वर्षाच्या रात्री दोघांच्याही टेबलावर तेच ते ऑलिव्हिए सॅलड. बटाटा, मटार, अंडं, लोणच्यातली काकडी आणि भरपूर मेयोनीज. आपल्याकडे लग्नाच्या बुफेत ‘रशियन सॅलड’ म्हणून जे वाढतात, त्याचं मूळ हेच.

म्हणजे साम्य खोटं नाही. साम्य शंभर टक्के खरं आहे. गंमत पुढे आहे.

बोर्श्त घ्या. बीटाचं लालभडक सूप, वर आंबटसर दाट क्रीम. पीतरवाला म्हणतो, लहानपणी आजीच्या हातचं खाल्लंय, म्हणजे आमचंच. पोल्टावावाली शांतपणे विचारते, ‘त्याच्याबरोबर पंपूश्की होत्या?’ पंपूश्की म्हणजे लसणाचं तेल लावलेले मऊ पाव. त्याला त्या माहीत नव्हत्या. त्याच्या घरचं रोजचं सूप म्हणजे ‘श्ची’, कोबीचं. तेच डम्पलिंगचं. त्याचे पेल्मेनी, छोटे, आत खिमा. तिच्या वारेनिकी, करंजीच्या आकाराच्या पण उकडलेल्या, आत बटाटा, कोबी नाहीतर चक्क चेरी.

तुम्ही म्हणाल, सूपवरून काय भांडायचं! पण २०१९ मध्ये रशियाच्या परराष्ट्र खात्यानं ट्विटरवर बोर्श्तला रशियाचा लाडका पदार्थ म्हणून मिरवलं आणि युक्रेनमध्ये लोक खवळले. एव्हेन क्लोपोतेन्को नावाच्या युक्रेनियन शेफनं बोर्श्तसाठी मोहीमच काढली. शेवटी १ जुलै २०२२ ला युनेस्कोनं युक्रेनियन बोर्श्त शिजवण्याच्या परंपरेला तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत घातलं. बोर्श्त दुसऱ्या कुणी करायचं नाही, असं त्यात कुठेही नाही. पोल्टावावालीचंही तेच म्हणणं. ‘त्यानं खुशाल खावं. फक्त कुठून आलं ते सांगावं.’

आता भाषा. दोन्हींची लिपी सिरिलिक, दोन्ही पूर्व स्लाव्ह कुटुंबातल्या. पण कान देऊन ऐका. रशियनमध्ये थँक्यू म्हणजे ‘स्पासीबा’. युक्रेनियनमध्ये ‘द्याकुयू’, पोलिशच्या जवळचं. शब्दसंग्रहाच्या बाबतीत युक्रेनियन खरं तर रशियनपेक्षा पोलिशला जास्त जवळची आहे. ज्या अक्षराचा रशियन ‘ग’ म्हणतात, त्याचा युक्रेनियन ‘ह’ करतात. त्यामुळे पोल्टावाकडचा लेखक गोगोल, जो लिहायचा रशियनमध्ये, त्याच्या जन्मगावाच्या भाषेत ‘होहोल’ होतो.

मला सगळ्यात आवडलेले दोन फरक मात्र वेगळेच आहेत. एक म्हणजे युक्रेनियनमध्ये संबोधन विभक्ती शाबूत आहे. आपण शाळेत घोकलेलं ‘मुलांनो, मित्रांनो’ आठवा. तशी तिथे आई म्हणजे ‘मामा’, पण हाक मारताना ‘मामो’. रशियननं ही विभक्ती जवळजवळ टाकूनच दिली. दुसरा फरक महिन्यांच्या नावांचा. रशियन महिने लॅटिनमधून आले, यान्वार, फेव्राल. युक्रेनियन महिने थेट शेतातून आणि झाडावरून आलेत. जुलै म्हणजे ‘लिपेन’, लिंडनच्या झाडावरून. ऑगस्ट ‘सेर्पेन’, म्हणजे विळ्याचा महिना. नोव्हेंबर ‘लिस्तोपाद’, पानगळ. आणि फेब्रुवारी म्हणजे ‘ल्यूतिय’, उग्र, क्रूर.

पण खरी गोम वेगळीच आहे. ती त्याची भाषा अस्खलित बोलते. त्याला तिची कळत नाही. ती रशियन कार्टून बघत, रशियन पुस्तकं वाचत मोठी झाली. त्याला युक्रेनियन शिकायची गरज कधी पडलीच नाही. त्यामुळे त्याला अनेक वर्षं अगदी प्रामाणिकपणे वाटायचं की दोघांची भाषा एकच आहे. का? तर ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची म्हणून!

हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हिंदी आपल्याला येते, त्यांना मराठी येत नाही, आणि मग कुणीतरी मिटिंगमध्ये म्हणतं, ‘एकही तो है यार, थोडा-सा फर्क है!’ फरक थोडासा आहे हे नेहमी त्यालाच दिसतं, ज्याला तो ओलांडावा लागत नाही.

बरं, भाषेवरून माणूस ओळखावा तर तसंही नाही. झेलेन्स्कींची मातृभाषा रशियन. ते ज्या क्रिवी रिह शहरात वाढले, तिथे रशियन सर्रास बोलली जायची. ज्या टीव्ही मालिकेनं त्यांना स्टार केलं, तीही मुख्यतः रशियनमध्येच होती. गावागावांत तर दोन्हींची मिसळ चालते, तिला ‘सुर्झिक’ म्हणतात. मूळ अर्थ, वेगवेगळी धान्यं मिसळून केलेलं पीठ. मी ऑफिसच्या फोनवर आईशी जे बोलते तेही सुर्झिकच की!

आणि हो, झेलेन्स्की वोलोदिमिर आणि पुतिन व्लादिमिर. नाव एकच! दोन्ही नावांमागे आहे तो कीव्हचा राजा, ज्यानं ९८८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा पुतळा कीव्हमध्ये १८५३ पासून आहे. मॉस्कोनं क्रेमलिनच्या शेजारी आपला पुतळा उभारला २०१६ मध्ये. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेखच ११४७ चा. म्हणजे थोरला भाऊ कोण, हा प्रश्न वयावरून सोडवायचा तर भलताच निकाल लागेल.

(मी ‘कीव्ह’ लिहितेय, कारण ‘कीव’ लिहिलं तर मराठीत त्याचा अर्थ दया होतो. हे मी पोल्टावावालीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग प्लीज, दुसरं काहीही लिही.’)

थोरला भाऊ हा प्रकार तिथे जुना आहे. झारच्या काळात रशियन म्हणजे ‘महारशियन’ आणि युक्रेनियन म्हणजे ‘लघुरशियन’. युक्रेनियन ही स्वतंत्र भाषाच नाही, अशी सरकारी भूमिका. १८६३ मध्ये त्या भाषेतल्या धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तकांवर बंदी आली. १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर इथे जर्मनीत बाड एम्सला हवापालटासाठी आला होता. तिथे बसून त्यानं आणखी कडक हुकमावर सही केली. पुस्तकं छापायची नाहीत, बाहेरून आणायची नाहीत, नाटकंही करायची नाहीत. जी भाषा अस्तित्वातच नाही, तिच्यावर बंदी कशाला घालावी लागते, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

तारास शेवचेन्को या कवीची गोष्ट तर पीतरवाल्याच्या गावातली. १८१४ मध्ये युक्रेनमधल्या भूदासाच्या घरी जन्मलेला हा पोरगा उत्तम चित्रं काढायचा. पीटर्सबर्गमधल्या कलावंतांनी एका मोठ्या कवीचं व्यक्तिचित्र सोडतीत काढून २,५०० रूबल उभे केले आणि १८३८ मध्ये त्याला मालकाकडून सोडवलं. १८४७ मध्ये त्याच पीटर्सबर्गच्या झारनं त्याला साधा शिपाई म्हणून हद्दपार केलं. लिहायला बंदी, चित्र काढायलाही बंदी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्याला सोडवणारेही रशियन होते आणि कोंडणाराही रशियन झार. ‘रशियन म्हणजे असे’ असं एका फटक्यात म्हणायला गेलात की ही गोष्ट आडवी येते.

विसाव्या शतकात तर हिशोब आणखी भयानक झाला. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. हा दुष्काळ पावसानं नाही, स्टालिनच्या सक्तीच्या धान्यवसुलीनं आणला होता. पोल्टावावालीच्या आजीच्या घरी पावाचा तुकडा कधी टाकून देत नसत. आपल्याकडेही अन्न टाकत नाहीत, पण आपल्याकडे ते संस्कार म्हणून. तिच्याकडे भीती म्हणून.

मग मला जाणवलेला सगळ्यात मोठा फरक? तो ताटात नाही, बॉससमोर आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. त्या वर्षी १ डिसेंबरला युक्रेनमध्ये सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूनं पडली. तेव्हापासून २०१९ च्या निवडणुकीपर्यंत युक्रेननं सहा राष्ट्राध्यक्ष निवडले. त्यातल्या तिघांना खुर्चीत असताना मतदारांनी घरी बसवलं. रशियात १९९१ पासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत राष्ट्राध्यक्ष तीनच, आणि खुर्चीतला माणूस मतपेटीत हरल्याचं एकही उदाहरण नाही. युक्रेनियन लोक नेत्यांवर भयंकर वैतागतात, निवडून देतात, पुन्हा वैतागतात. २००४ मध्ये निवडणुकीत घोळ झाला तेव्हा बर्फात उभं राहून त्यांनी ती परत घ्यायला लावली. २०१३-१४ मध्ये पुन्हा कीव्हच्या मुख्य चौकात तळ ठोकला. त्या चौकाला काय म्हणतात माहितीये? ‘मैदान’! आपलंच मैदान, फारसीतून आपल्याकडे आलं आणि तुर्की वाटेनं त्यांच्याकडे पोचलं.

रशियन माणसाला हे जमतच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०११-१२ मध्ये मॉस्कोतही हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. पण त्याची किंमत चढत गेली. मार्च २०२२ मध्ये रशियानं कायदा केला. सैन्याबद्दल सरकारच्या मते ‘खोटी’ माहिती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. पीतरवाला फेसबुकवर गप्प का, याचं उत्तर त्याच्या आईच्या पत्त्यात आहे.

आता या दोघांमध्ये काय झालं ते सांगते.

डिसेंबर २०१९. ऑफिसातली आमची छोटी पार्टी. पीतरवाल्यानं ग्लास उचलला आणि तिच्याकडे बघून अगदी प्रेमानं म्हणाला, ‘आपण काय, एकच लोक!’ तिनं प्लेट खाली ठेवली. म्हणाली, ‘नाही. आपण शेजारी.’ तो हसला, आम्हीही हसलो. विषय संपला.

जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी एक मोठा लेख लिहिला. रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत, असा त्याचा मुद्दा. वाक्य तेच, पार्टीतलं. फक्त आता ते म्हणणाऱ्याकडे सैन्य होतं.

२४ फेब्रुवारी २०२२ चा गुरुवार. तिच्या भाषेतला ‘ल्यूतिय’ महिना. पहाटेपासून ती फोनवर होती. पोल्टावात आई फोन उचलत नव्हती, मग उचलला, मग नेटवर्क गेलं. दुपारी पीतरवाला तिच्या डेस्कपाशी आला. चेहरा पांढराफटक. रशियनमध्ये म्हणाला, ‘माफ कर.’ तिनं वर पाहिलं आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, ‘थँक यू.’

त्या दिवसानंतर ती त्याच्याशी रशियनमध्ये एक शब्द बोललेली नाही. कॉफी मशीनपाशी दोघांची जी अखंड बडबड चालायची, ती बंद. त्याला ते फार लागलं. मला म्हणाला, ‘मी काय केलंय? मी तर किती वर्षं इथे टॅक्स भरतोय.’ त्याचं म्हणणंही खरं होतं. मी ते तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मला माहितीये त्यानं काही केलं नाही. पण आम्ही दोघं रशियन बोलत होतो ते मैत्रीमुळे, असं त्याला वाटायचं. मी बोलायचे, कारण त्याला दुसरं येत नव्हतं.’

सोव्हिएत काळातला एक सिनेमा आहे, ‘नशिबाची थट्टा’. १ जानेवारी १९७६ ला टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला आणि मग वर्षानुवर्षं नव्या वर्षाच्या रात्री घराघरांत लागायचा. मॉस्कोचा एक डॉक्टर मित्रांबरोबर टल्ली होतो आणि चुकून विमानानं लेनिनग्राडला पोचतो. टॅक्सीत बसून आपला पत्ता सांगतो. त्याच नावाचा रस्ता तिथेही आहे, तशीच बिल्डिंग, तोच फ्लॅट नंबर. खिशातली चावी लावतो तर दार उघडतं! आत फर्निचरही तसंच. हा ढाराढूर झोपतो. थोड्या वेळानं घराची मालकीण येते आणि बघते तर काय, पलंगावर परका माणूस.

दोघांनाही हा सिनेमा तोंडपाठ. पीतरवाल्याला तो त्या डॉक्टरच्या बाजूनं आठवतो. किती गंमत, सगळं सारखंच! पोल्टावावाली म्हणाली, ‘मी तो नेहमी त्या बाईच्या बाजूनं बघते. चावी लागली हा तिचा दोष आहे का?’

मला वाटतं, सगळा मुद्दा इथे आहे. साम्य हा पुरावा नसतो. सारखं सूप, सारखी सपात, सारखं सॅलड, यावरून फक्त एवढंच कळतं की दोन घरं शेजारी आहेत आणि बरीच वर्षं एकाच बिल्डरच्या ताब्यात होती. दार उघडायचं की नाही, हे आत राहणाऱ्यानं ठरवायचं.

आणि हिंदीच्या उदाहरणावर खूश होण्याआधी जरा गोव्याकडे बघा. कोकणी ही मराठीची बोलीच आहे, असं कितीतरी वर्षं प्रेमानंच म्हटलं जायचं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला आणि लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ मध्ये ती आठव्या परिशिष्टात आली. तिथे रणगाडे नव्हते, मतपत्रिका होत्या. आणि कौल मानला गेला, हा फरक डोंगराएवढा. म्हणून तर आज आपण मापुशाला जाऊन मासळीचं जेवण हादडतो आणि कुणी कुणाच्या उंबरठ्यावर अडत नाही.

कॅलेंडरसुद्धा आता वेगळं झालंय. दोन्हीकडचा ऑर्थोडॉक्स ख्रिसमस पूर्वी ७ जानेवारीला असायचा. युक्रेननं २०२३ मध्ये कायदा करून तो २५ डिसेंबरला आणला. पोल्टावावालीची आई त्या वर्षी म्हणाली, दोन्ही दिवस बारा पदार्थ करणं मला जमायचं नाही, काय ते एक ठरवा! मग एक ठरलं. आणि हो, डिसेंबरात आपल्या मॉलमध्ये जे ‘कॅरल ऑफ द बेल्स’ वाजतं ना, ती चालही युक्रेनची. मिकोला लेओन्तोविच यांनी बसवलेली, १९१६ मध्ये कीव्हमध्ये पहिल्यांदा गायली गेलेली. १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसानं त्यांना गोळी घातली. पुढच्या वेळी लिफ्टची वाट बघताना ती चाल ऐकू आली तर आठवा.

पीतरवाल्यानं २०२३ पासून फोनवरच्या ॲपवर युक्रेनियन शिकायला घेतलं. कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा लंचला त्यानं तिला ब्रेड दिला, तिनं इंग्लिशमध्ये थँक्यू म्हटलं, आणि त्यानं अडखळत युक्रेनियनमध्ये उत्तर दिलं. ‘ग’ ऐवजी ‘ह’ म्हणताना त्याची पार वाट लागते. तिनं उच्चार सुधारून दिला, इंग्लिशमध्येच. माफी वगैरे काही झालं नाही. कॉफी मशीनपाशी पूर्वीची बडबडही परत आली नाही. पण तो आता ‘आपण सेमच’ म्हणत नाही. कॅलेंडरकडे बोट दाखवून विचारतो, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ आणि ती सांगते.